पुराची रेघ, हाताची रेघ

मोटारखान्यात मोटार ठेवावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. आमच्या घरच्या मोटारखान्याने पहिली बत्तीस वर्षे तो पाळला नाही; आणि त्यात त्याचा काही दोषही नव्हता, कारण घरात मोटारच नव्हती. आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, १९७४ साली वडोदऱ्यात हे घर बांधले तेव्हा त्यांच्यापाशी एक सायकल होती. तरीही अंगणाच्या कडेला नऊ फूट रुंद, सोळा फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच अशी पक्क्या स्लॅबची खोली त्यांनी बांधून घेतली. ‘मुलगा घेईल,’ असे ते म्हणत. मुलाने मोटार घेतली खरी, पण २००६ साली, आणि तीही छोटीशी. तोपर्यंत त्या खोलीत सायकली, स्कूटर, लग्नकार्यातील पातेली, पाण्याचा बंब, पलंगाची सुटी चौकट, गणपतीचे मखर अशी मंडळी मुक्कामाला येऊन राहिली होती. मोटार आल्यावर त्यांपैकी कोणीही उठून गेले नाही. मोटारच बिचारी पाहुण्यासारखी अंग चोरून आत शिरली.

अशा जागेत कधी ना कधी एक प्रश्न उभा राहतोच. खाली पाऊल ठेवायला ठिकाण नाही आणि मोटारीच्या टपावर चार-साडेचार फुटांची पोकळी मात्र रिकामी आहे. मग तिथे माळा का घालू नये? आमच्या घरात हा प्रश्न तीनदा निघाला. पहिल्या दोन वेळा आम्ही तो टाळला. तिसऱ्या वेळी तो टाळता आला नाही. त्या वेळी आम्ही काय विचार केला, काय शिकलो आणि शेवटी काय ठरवले, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

वस्तू उंचावर ठेवण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. वाड्यांतून पोटमाळे असत; त्यांवर वर्षाचे धान्य, सरपण, जादा भांडी आणि बाळंतिणीची बाज चढवलेली असे. स्वयंपाकघरात शिंके असे. या दोहोंत एक मोठा फरक आहे आणि तो आमच्या ध्यानात फार उशिरा आला. पोटमाळा वर्षातून एक-दोनदा लागणाऱ्या वस्तूंसाठी. शिंके रोजच्या दूध-दह्यासाठी. म्हणून शिंक्याची उंची मोठ्या विचाराने ठरलेली असे: मांजराच्या उडीपेक्षा जास्त आणि गृहिणीच्या हातापेक्षा कमी. एवढ्या दोन हातांच्या अंतरात घरातले दूध सुरक्षितही राही आणि वापरातही राही. दोरी कुजली तर शिंक्याचे तुटून बोक्याचे पटे, हे खरे; पण तो दोष दोरीचा, उंचीचा नव्हे.

आम्ही ज्या प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलो तिथे माळ्याला ‘माळियुं’ म्हणतात आणि दिवाळीपूर्वी माळियुं झाडणे हा घराघरातला एक सोहळाच असतो. भिंतीवरच्या उंच फळीला ‘अभराई’ असा सुंदर शब्द गुजरातीत आहे. एखादे काम बेमुदत लांबणीवर टाकले की ते ‘अभराईए चढाव्युं’ असे म्हणतात. शाळेच्या कचेरीत हा शब्दप्रयोग आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की वर चढवणे आणि विसरून जाणे या दोन क्रिया लोकांच्या मनात एकच आहेत, याविषयी आम्हांस शंका राहिलेली नाही.

याचा पुरावा आमच्याच घरात होता. नानांना रोजची टिपणे लिहिण्याची सवय होती. १९५१ पासून १९८८ पर्यंतच्या त्यांच्या तेवीस वह्या एका मोठ्या पत्र्याच्या ट्रंकेत भरून स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवल्या होत्या. दाराच्या चौकटीवर, जमिनीपासून सात फुटांवर असतो तसा तो सिमेंटचा माळा. पावसाचे पाणी तिथे पोहोचले नाही, उंदीरही पोहोचला नाही. पण वीस वर्षांत आम्हीही पोहोचलो नाही. मराठीचे एम.ए., मुलांना रोजनिशी लिहिण्याचा उपदेश करणारे मुख्याध्यापक, आणि स्वतःच्या वडिलांची रोजनिशी डोक्यावर असताना तिच्याखाली बसून वीस वर्षे जेवत होतो! ट्रंक उतरवायला दोन माणसे आणि एक शिडी लागत असे, एवढेच निमित्त.

२०२१ साली चिरंजीव काही महिने घरूनच काम करीत होते. त्यांच्या मदतीने एकदाची ती ट्रंक खाली आली. घरात तिला जागा नव्हती, म्हणून ती मोटारखान्यात नेली. ३१ जुलै २०१९ रोजी वडोदऱ्यात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस पडला होता आणि तेव्हा आमच्या मोटारखान्यात घोट्याएवढे पाणी आले होते. त्या अनुभवाने शहाणे होऊन आम्ही ट्रंक चार विटांच्या थरावर, म्हणजे फूटभर उंच, ठेवली. दर रविवारी सकाळी एक खुर्ची तिथे टाकायची, एक वही काढायची आणि तासभर वाचायची, असा आमचा नेम सुरू झाला. नानांचा आवाज आम्हांला पुन्हा ऐकू येऊ लागला. घर बांधताना विटांच्या भावाची त्यांची घालमेल, आईच्या आजारपणातल्या रात्री, आमच्या मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी त्यांनी लिहिलेले एकच वाक्य; जे त्यांनी आम्हांला कधी बोलून दाखवले नाही ते सारे त्या ट्रंकेत होते. एक-एक वही आम्ही दोन-दोन, तीन-तीन महिने पुरवून वाचत होतो. काही वर्षे उशीर झाला, पण वस्तू हाताशी आली की माणूसही हाताशी येतो, हे आम्हांला कळले.

मग ऑगस्ट २०२४ उजाडला. जन्माष्टमीच्या दिवशी, २६ तारखेला, आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला. विश्वामित्रीचे पाणी पस्तीस फुटांच्याही वर गेले आणि तिच्यातल्या मगरी वस्तीच्या रस्त्यांवर आल्या, हे वाचकांनी त्या वेळी वृत्तपत्रांतून वाचलेच असेल. गोपाळकाल्याच्या रात्री आमच्या अंगणात पाणी शिरले. घर तीन पायऱ्या उंच, त्यामुळे आत वीतभरच आले. मोटारखाना रस्त्याच्या पातळीवर. तिथे साडेतीन फूट पाणी दोन दिवस उभे राहिले. आम्ही मागच्या पुराचे माप घेऊन पुढच्या पुराची तयारी केली होती. पुरांना ही शिस्त ठाऊक नसते.

पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तेव्हा वह्या फुगून ट्रंकेच्या भिंतींना घट्ट बसल्या होत्या. त्या आम्ही उन्हात टाकल्या नाहीत. कागद उन्हात वाकडा होतो, म्हणून पंख्याखाली, पानांमध्ये जुने वर्तमानपत्र घालून, दर दोन-तीन तासांनी ते बदलत, सौभाग्यवतींनी आणि आम्ही आठ दिवस त्या वाळवल्या. कागद पुष्कळसा वाचला. अक्षर वाचले नाही. टाकाची आणि फाउंटनपेनची निळी शाई पाण्यात विरघळून सबंध पानावर आभाळासारखी पसरली होती. पेन्सिलीने लिहिलेले तेवढे जसेच्या तसे राहिले, कारण पेन्सिलीचे शिसे पाण्यात विरघळत नाही. आणि नाना पेन्सिलीने काय लिहीत? दुधाचा हिशेब, वाण्याची यादी, कोळशाचे दर. मनातले सारे ते शाईने लिहीत. अकरा वह्या वाचून झाल्या होत्या, त्या निदान आमच्या स्मरणात आहेत. बारावी त्या रात्री उशापाशी होती म्हणून शाबूत राहिली. उरलेल्या अकरांत काय होते ते आता कोणालाच कळणार नाही.

गणपती दहा दिवसांवर आले होते. मखर भिजून लगदा झाले होते. चिरंजीवांचा फोन आला. ते म्हणाले, “बाबा, आता तरी मोटारखान्यात वर माळा करून घ्या. तयार लोखंडी जाळी मिळते. स्लॅबला चार बोल्ट ठोकायचे, चार गजांवर ती टांगायची. दोन तासांचे काम.” आम्ही तत्काळ होकार देणार होतो. इतक्यात सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, टांगायला दोन तास लागतील हो, पण उतरवायला कोण? नानांची ट्रंक वर होती तेव्हा तुम्ही वाचलीत का एक तरी वही?”

प्रश्न बिनतोड होता. खाली ठेवले ते बुडाले आणि वर ठेवले ते विसरले. या दोहोंतून वाट काढायची होती.

लोखंडी काम करणाऱ्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी आल्याआल्या सामान पाहिले नाही, स्लॅब पाहिला. कोपऱ्यात तपकिरी डाग पडले होते आणि एके ठिकाणी गिलाव्याचा पोपडा सुटला होता. त्यांनी हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिले. मध्यभागी टणक आवाज आला, कडेला मात्र पोकळ. मग शिडीवरून उतरून ते शांतपणे म्हणाले, “साहेब, आ स्लॅबने हवे हात न लगाडाय.” या स्लॅबला आता हात लावू नये. आतल्या सळ्या गंजल्या की त्या फुगतात आणि फुगलेला गंज काँक्रीटला आतून फोडत जातो. अशा काँक्रीटमध्ये भोक पाडून बोल्ट ठोकला तर तो आज घट्ट वाटेल. पण वरून लोंबणारे वजन त्याला दिवसरात्र खाली ओढत राहणार आणि खाली मोटार असणार, किंवा मोटारीचे दार उघडणारा माणूस. पत्र्याच्या छपराला काही टांगण्याचा विचार तर मुळीच करू नये, असेही त्यांनी बजावले. ते छप्पर स्वतःचा भार आणि वारा यांपुरतेच बांधलेले असते. टांगलेला माळा हवाच असेल त्या घरी प्रथम स्लॅब जाणत्या माणसाला दाखवावा, हा पहिला धडा.

त्या संध्याकाळी आम्हांला मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची आठवण झाली. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून आपल्या राज्यात ग्रंथालयांची व्यवस्था उभारली, हे आपणा वडोदरेकरांना ठाऊकच आहे. तिथल्या ग्रंथसाठ्यातल्या लोखंडी मांडण्या आणि काचेच्या फरश्या विद्यार्थिदशेत आम्ही डोळे विस्फारून पाहिल्या होत्या. एका मजल्यावरची मांडणी वरच्या मजल्याची फरशी तोलून धरते. पुस्तकांचा भार मांडण्यांच्या खांबांवरून थेट जमिनीत उतरतो. मिस्त्रींना हे सांगताच त्यांचा चेहरा खुलला. “मग टांगायचं कशाला? उभं करू या!” असे ते त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेतून खडूची एक कांडी खिशात घालून आणली. मोटारखान्याच्या मागच्या भिंतीवर पुराच्या चिखलाचा डाग होता. त्यावरून एक आडवी रेघ ओढली. साडेतीन फूट. मग सौभाग्यवतींना भिंतीशी उभे केले आणि म्हटले, “हात वर कर बघू.” टाचा न उचलता त्यांचा तळहात जिथे टेकला तिथे दुसरी रेघ ओढली. सहा फूट चार इंच. खालची पुराची रेघ, वरची हाताची रेघ. मधल्या तीन फुटांहून थोड्या कमी पट्ट्यात आमच्या सगळ्या प्रश्नांचे उत्तर होते. शिंक्याचा न्याय हाच. मांजराच्या जागी नदी आली, एवढाच फरक.

पुढचा पूर आणखी चढेल हे गृहीत धरून पहिली फळी पुराच्या रेघेवर एक फूट, म्हणजे साडेचार फुटांवर ठेवायचे ठरले. आमची मोटार बारा फूट लांब आणि तिचे नाक जेमतेम तीन फूट उंच. त्यामुळे मागच्या भिंतीलगत दोन फूट रुंदीची फळी त्या नाकाच्या वरून खुशाल जाते. मोटारीचे मागले दार वर उघडले की सहा-साडेसहा फुटांपर्यंत जाते, म्हणून त्या बाजूला काहीही बांधले नाही. ज्यांना हे करायचे असेल त्यांनी आधी मोटार आत उभी करून, तिची सारी दारे उघडून, मग माप घ्यावे. रिकाम्या खोलीचे माप फसवे असते.

लोखंडी कोनांची चौकट जमिनीवर उभी केली, पायांखाली सिमेंटचे छोटे चौथरे केले की पाण्यात पाय गंजू नयेत, आडव्या-तिरप्या पट्ट्या मारल्या आणि ती पुढे कलंडू नये एवढ्याचपुरती भिंतीला जखडली. भार जमिनीवर, भिंतीला फक्त आधार. दुसरी फळी सव्वासहा फुटांवर, म्हणजे सौभाग्यवतींच्या हातात. तिसरी मात्र साडेसात फुटांवर आली, हाताच्या रेघेच्या वर. तिच्याबद्दल घरात पुष्कळ चर्चा झाली.

वर काय चढवावे, याचे नियम आम्ही अनुभवाने आणि वजनकाट्याने ठरवले. पुस्तकांची एक फूट लांबीची ओळ सुमारे दहा किलो भरते. म्हणजे आठ फुटांच्या फळीवर एकच ओळ लावली तरी ऐंशी किलो! पुस्तके आणि पातेली म्हणूनच खालच्या फळीवर. शिडीवर उभे राहून उतरवलेले वजन छातीशी येत नाही, डोक्यावर येते. आणि शिडीला धरायला एक हात मोकळा हवा. सबब, एका हाताने पेलेल तेवढेच तिसऱ्या फळीवर. स्लॅबखाली सगळी उष्ण हवा साठते. आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा बेचाळीसच्या वर जातो. त्यामुळे फोटोंचे आल्बम, औषधे आणि बॅटऱ्या वर नकोत. आणि रंग, टर्पेंटाइन, रॉकेल, उरलेले फटाके हे तर मोटार असलेल्या खोलीतच नकोत. गॅसचे भरलेले सिलिंडर सुमारे तीस किलोचे; ते वर चढवलेले आम्ही एका परिचितांकडे पाहिले आहे आणि तेव्हापासून त्यांच्याकडे चहाला बसताना आम्ही छताकडे पाहतो. शिडी आठ फूट उंचीवर टेकवायची तर तिचे पाय भिंतीपासून दोन फूट दूर असावेत आणि तिच्या अगदी वरच्या पायऱ्यांवर चढू नये. शाळेतील शिपायांना हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. घरी मात्र आजवर आम्हीच स्टुलावर खुर्ची ठेवून चढत होतो.

मग निवड सुरू झाली आणि तेच सर्वांत कठीण काम निघाले. शाळेत डेडस्टॉकचे रजिस्टर असते; प्रत्येक बाकाची, प्रत्येक नकाशाची त्यात नोंद असते आणि निकामी झालेली वस्तू नियमाने खारीज होते. घराला असे रजिस्टर नसते, म्हणून घरातले काहीच खारीज होत नाही. आम्ही एक दोनशे पानी वही घेतली. प्रत्येक वस्तू अंगणात मांडली आणि एकच प्रश्न विचारला: ही मागच्या तीन वर्षांत कोणी हातात घेतली होती काय? पलंगाची चौकट गेली. बंब गेला, तो देताना सौभाग्यवती क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, “न्हाणीघरातली चूल गेली तेव्हाच हा गेला होता.” निम्मे सामान अंगणातूनच परस्पर मार्गी लागले. जागा कमी आहे असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा निर्णय कमी पडलेले असतात. माळा बांधण्याआधी हे केले असते तर दोन फळ्यांतच भागले असते, हे मान्य केले पाहिजे.

तिसऱ्या फळीवर आता मोजून पाच जिन्नस आहेत: नव्या मखराचे सुटे भाग, आकाशकंदिलाचा सांगाडा, दोन हलक्या रजया आणि रांगोळीच्या साच्यांची टोपली. ते चिरंजीव दिवाळीत येतात तेव्हा चढतात, उतरतात. पाचवर सहावा जिन्नस चढवायचा तर एक उतरवायचा, असा घरचा ठराव आहे आणि वहीत त्यावर उभयतांच्या सह्या आहेत.

माळा मोटारखान्यास मानवतो काय, असे आता कोणी विचारले तर आम्ही सरळ होय किंवा नाही म्हणत नाही. भिंतीवर दोन रेघा ओढा, असे सांगतो. ज्या घरात पाणी येत नाही त्यांची खालची रेघ वाळवीची असेल, उंदराची असेल. वरची मात्र प्रत्येकाची हाताचीच. आणि ती दरवर्षी थोडी खाली येते, हेही धरून चालावे. आम्ही पन्नाशी ओलांडली आहे. दहा वर्षांनी सव्वासहा फुटांची फळीही आम्हांला परकी वाटेल. तेव्हा ती खाली घेता यावी म्हणून मिस्त्रींनी चौकटीला दर सहा इंचांवर भोके पाडून ठेवली आहेत. न विचारता, न सांगता. चौकट जोडताना ती आमच्या नजरेस आली तेव्हा त्यांनी नुसते हसून शिडी घडी केली.

नानांची बारावी वही आणि विरघळलेल्या शाईच्या त्या अकरा वह्या मात्र मोटारखान्यात नाहीत. वर नाहीत, खालीही नाहीत. वाचून झालेल्या पहिल्या अकरांसह त्या आमच्या निजायच्या खोलीतल्या कपाटात, खांद्याच्या उंचीवर आहेत. बारावी वही आम्ही सावकाश वाचतो आहोत, कारण तिच्यापुढे वाचायला दुधाचा हिशेबच आहे. परवा तोही काढून बसलो. एका महिन्याच्या पानावर रोजच्या अर्ध्या शेराच्या जागी एके दिवसापासून एक शेर असा आकडा सुरू झालेला दिसला. तारीख पाहिली. आमच्या जन्मानंतरचा तो तिसरा दिवस होता.